बुगाटीचा निळा रंग मे महिन्यात लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत उन्हाळी सुट्टीतल्या छंदांवरचा लेख वाचला. त्यात जुन्या रेसिंग गाड्यांच्या प्लास्टिक मॉडेलना चांगली जागा मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. मात्र त्यातली दोन विधाने तशीच राहिली तर मुलांचे पैसे आणि सुट्टी दोन्ही वाया जातील, म्हणून हे पत्र. पहिले विधान असे, की मे महिन्यात आठवडाभरात गाडी जोडून, रंगवून तयार होते. दुसरे असे, की इंजिनातल्या तारा, नळ्या, पट्टे असे बारीक काम करायचे तर परदेशी सेट मागवण्यावाचून गत्यंतर नाही. सोलापूरचा मे महिना बॉडीच्या रंगाला पूर्ण प्रतिकूल आहे आणि बारीक कामाला उत्तम आहे. त्या बारीक कामाचे बहुतेक सामान याच शहरात, तेही फुटकळ भावात मिळते. गिरण्या, माग आणि मोटारी यांच्या शहरात ते न मिळाले तरच नवल.

उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ: बुगाटी टाइप ३५ बी, प्रमाण १:२४. फ्रान्सच्या आल्सास भागातल्या मोल्सहाइम गावी एत्तोरे बुगाटी यांच्या कारखान्यात ही मालिका जन्मली. ऑगस्ट १९२४ मध्ये लियाँच्या ग्रां प्रीमध्ये टाइप ३५ पहिल्यांदा उतरली आणि टायरच्या त्रासाने मागे पडली. पण पुढे सिसिलीच्या डोंगरातली टार्गा फ्लोरिओ ही शर्यत बुगाटीने १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे जिंकली. १९२९ ची पहिली मोनॅको ग्रां प्री विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स यांनी ३५ बी वरच जिंकली. ती गाडी निळी नव्हती, हिरवी होती. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुष्कळ जण त्या गाडीचा १२ क्रमांक निळ्या बॉडीवर चिकटवतात.

पहिली चूक इथेच, म्हणजे डबा उघडण्याच्या आधी होते. टाइप ३५ ही एक गाडी नाही. मूळ ३५ चे आठ सिलिंडरचे इंजिन ६० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ८८ मिमी स्ट्रोकचे (पिस्टनची धाव), १९९१ सीसीचे, सुपरचार्जरशिवाय, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाशिवाय. ३५ बी चा स्ट्रोक १०० मिमी, त्यामुळे २२६२ सीसी, शिवाय सुपरचार्जर आणि मोठा रेडिएटर. ३५ ए तर साधी, स्वस्त आवृत्ती, तारांच्या चाकांची. १९२४ च्या गाडीचे छायाचित्र समोर ठेवून १९२९ ची ३५ बी बांधली, की कितीही सफाईने केलेले काम चुकीचेच ठरते. एक शर्यत, एक वर्ष, एक गाडी ठरवावी. तिची निदान चार बाजूंची छायाचित्रे काढून घ्यावीत आणि काम संपेपर्यंत तीच भिंतीवर ठेवावीत. आज संग्रहालयात चकाकणाऱ्या गाड्यांवर विसंबू नये. त्यांतल्या कितीतरी पुन्हा रंगवलेल्या, पुन्हा निकेल चढवलेल्या आहेत.

या गाडीची मापे मॉडेल बांधणाऱ्याला फार सोयीची आहेत. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर २४०० मिमी, डाव्या-उजव्या चाकांमधले १२००. चोवीसने भागले की नेमके १०० आणि ५० मिमी येतात. चौकट जोडताना आलेखाच्या कागदावर १०० बाय ५० चा आयत आखावा आणि चारही चाकांचे मध्य त्याच्या चार कोपऱ्यांवर येतात का ते पाहावे. कर्ण दोन्ही बाजूंनी १११.८ मिमी आला पाहिजे. एक कर्ण १११ आणि दुसरा ११२.५ च्या पुढे गेला, तर चौकट तिरकी झाली आहे. ती त्याच तासात, सांधा ओला असतानाच, सरळ होते. नंतर बॉडी बसत नाही म्हणून ती दाबून बसवली जाते, मग तीन चाके टेबलाला टेकतात आणि चौथे अधांतरी राहते. सुताराचा छोटा गुण्या आणि दोन बॅटरीचे सेल वजन म्हणून, एवढ्यावर हे काम होते. टायरचा व्यास प्रत्यक्षात सुमारे ७१० मिमी, म्हणजे मॉडेलवर साडेएकोणतीस मिमीच्या आसपास. संचातला टायर दोन मिमीने मोठा-लहान असेल तर गाडीची बसकण लगेच बिघडते, म्हणून व्हर्निअरने आधीच मोजावा.

भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिला आपण स्प्रू म्हणतो. भाग सोडवण्याआधी स्प्रू कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवावा, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेले तेलकट द्रव्य त्यावर असते आणि प्रायमर तिथेच माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. शेवटचे खंगाळणे बोअरच्या पाण्याने करू नये. आपले बोअरचे पाणी जड असते, वाळले की पांढरे डाग ठेवते. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरावे. एका लिटरमध्ये आख्खे मॉडेल होते, पुढे डेकलला, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या क्रमांकांनाही तेच लागते.

भाग ओढून तोडू नये. निपरने दोन मिमी दूर कापावा, उरलेली गाठ कटरने आणि नंतर ६०० च्या पॉलिश पेपरने घासावी. प्लास्टिकचे खरे सिमेंट पातळ असते. ते दोन भागांचे प्लास्टिक विरघळवून एकजीव करते. ते भागावर लावून मग जोडायचे नसते. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचे टोक सांध्याला टेकवायचे. द्रव आपोआप फटीत ओढला जातो. मे महिन्यात हे विशेष लक्षात ठेवावे, कारण चाळीस अंशांत सिमेंट ब्रशवरून सांध्यापर्यंत पोचेतो उडून जाते आणि सांधा वरवरचा राहतो. फेव्हिक्विकचे उलटे. ते हवेतल्या ओलाव्याने धरते, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात उशिरा पकडते आणि माणूस घाईने आणखी ओततो. काचेच्या, म्हणजे पारदर्शक भागाला तर ते लावूच नये. त्याची वाफ काचेवर पांढरी धुकट साय धरते आणि ती पुसून जात नाही. छोट्या विंडस्क्रीनला पांढरा फेव्हिकॉल पुरतो.

आता बॉनेटखाली येऊ. मे महिन्याचा खरा उपयोग इथेच आहे, कारण तारा, नळ्या, पट्टे आणि दोरी यांना ना थंडी लागते ना स्वच्छ हवा. पंखा बंद करावा लागतो एवढेच, नाहीतर दीड मिमीचा प्लग कपाटाखाली जातो.

टाइप ३५ चे इंजिन दिसायला दोन चौकोनी ठोकळे एकामागे एक ठेवल्यासारखे आहे. चार-चार सिलिंडरचे दोन ठोकळे, कडा धारदार, पृष्ठभाग सपाट. संचातले इंजिन साच्यातून गोलसर कडांचे निघते. सपाट लाकडी पट्टीवर ४०० चा पेपर चिकटवून प्रत्येक बाजू दहा-बारा वेळा घासली की तो चौकोनी चेहरा परत येतो. कागद बोटावर धरून घासू नये, त्याने कडा आणखी गोल होतात. सगळ्या इंजिनात सर्वात मोठा फरक या पंधरा मिनिटांच्या कामाने पडतो आणि तेच काम बहुतेक जण टाळतात.

प्लगच्या तारा आठ. हल्लीच्या इंजिनांची सवय असलेले लोक त्या पुढे कुठेतरी डिस्ट्रिब्युटर कल्पून तिथून काढतात. या गाडीत मॅग्नेटो, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज तयार करणारे यंत्र, डॅशबोर्डमध्ये बसवलेला आहे आणि कॅमशाफ्टच्या मागच्या टोकावरून फिरतो. चालकाच्या पुढ्यात त्याचे तोंड दिसते. म्हणून तारा मागून, चालकाच्या बाजूने पुढे येतात. खऱ्या तारेची जाडी सुमारे ७ मिमी धरली तर मॉडेलवर ०.२९ मिमी. आता वाइंडिंगच्या दुकानात जा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आणि पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी जिथे पुन्हा भरतात, तिथे एनॅमल चढवलेली तांब्याची तार गेजवर मिळते, गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक. ३२ गेज म्हणजे ०.२७ मिमी, वरच्या एनॅमलसह जवळजवळ ०.३. हेच आपले माप. ३६ गेज ०.१९ मिमीची, ती ब्रेकच्या उघड्या केबलना. ४० गेज ०.१२ मिमीची, ती पट्ट्यांच्या बकलांना. भंगारात जाणारे हातभर तुकडे तीन गाड्यांना पुरतात.

तार रिळावरून काढली की तिला पीळ आणि कुबड असते. एक टोक पकडीत धरून दुसरे नोजप्लायरने हलकेच ओढावे. तार किंचित ताणली जाते आणि ताठ सरळ होते. प्लगसाठी औषधाच्या दुकानातून २४ नंबरची नवी इंजेक्शनची सुई घ्यावी. तिचा बाहेरचा व्यास ०.५६ मिमी, आतली पोकळी ०.३१. तिच्यात ३२ गेजची तार जेमतेम जाते. सुई चुटकीने मोडू नये, नळी चेपते. त्रिकोणी कानशीने चहूबाजूंनी खाच पाडून अलगद वाकवावी. दीड-दीड मिमीचे आठ तुकडे करून, खालचा अर्धा पोलादी ठेवून वरचा अर्धा पांढरा रंगवला की चिनीमातीचा प्लग होतो. इंजिनात ०.६ मिमीची भोके हातड्रिलने पाडावीत. आधी सुईच्या टोकाने खूण केली नाही तर ड्रिल घसरते आणि आठ प्लग आठ दिशांना उभे राहतात. आठही तारा आधी प्लगमध्ये बसवाव्यात, मग मागे नेऊन एकत्र गुंडाळाव्यात आणि अगदी शेवटी, वाकवून झाल्यावर, काळ्या निस्तेज रंगाने रंगवाव्यात. आधी रंगवलेली तार वळणावर कवच टाकते. वंगणाच्या आणि पेट्रोलच्या नळ्यांना मात्र रंगच नको, त्या तांब्याच्याच असतात. तिथे एनॅमल खरवडून उघडे तांबे ठेवावे.

सायलेन्सरच्या फाटे फुटलेल्या नळ्या वाकवायला रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचे १ मिमीचे सोल्डर सर्वांत चांगले. तांब्याची जाड तार वळणावर कोन धरते, सोल्डर बोटाने गोल वळते. सोल्डरमध्ये शिसे असते, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. मुलांना हे आठवणीने सांगावे.

स्प्रिंगभोवतीच्या दोरीच्या गुंडाळीबद्दल सोलापूरकराला सांगायला विशेष आनंद होतो. त्या काळच्या रेसिंग गाड्यांच्या पाट्यांच्या स्प्रिंगवर घट्ट दोरी गुंडाळत असत, म्हणजे पाते फाकत नाही आणि मधले वंगण टिकते. मॉडेलवर ही गुंडाळी दाखवायला लोक हाताशी असलेला शिवणाचा दोरा घेतात आणि तो दोरखंडासारखा दिसतो. हिशेब साधा आहे, काउंटचा आकडा मोठा तितके सूत बारीक. २० काउंटच्या एकेरी सुताची जाडी सुमारे ०.२ मिमी. चोवीसपट केली तर पाच मिमी, म्हणजे विहिरीचा दोर. ८० काउंटचे सूत ०.१ मिमीच्या आसपास, चोवीसपट अडीच मिमी, म्हणजे नेमकी सुतळी. तेव्हा ८० च्या खालचे सूत घेऊ नये. राहिली लव. मागावर जाणाऱ्या सुताला जे करतात तेच इथे करायचे. सूत ताणून मेणबत्तीच्या ज्योतीजवळून, ज्योतीतून नव्हे, झटकन ओढले की उभी लव जळते. मग फेव्हिकॉलच्या एका भागात चार भाग पाणी घालून त्याची खळ द्यावी आणि सूत ताणलेलेच वाळू द्यावे. खळ दिलेले सूत स्प्रिंगवर वेढ्याला वेढा लागून बसते. रंग कोरा पांढरा ठेवू नये. चहाच्या कोऱ्या पाण्यात रात्रभर बुडवले की तेलकट सुतळीचा रंग येतो.

मागच्या स्प्रिंगची दिशा पाहूनच गुंडाळी सुरू करावी. बुगाटीत मागे पाव-लंबवर्तुळाकार पाटे उलटे लावलेले असतात, जाड टोक मागे चौकटीला आणि बारीक टोक पुढे ॲक्सलकडे. पुढे तर ॲक्सललाच चौकोनी खिडक्या आहेत आणि स्प्रिंग त्यांतून आरपार जाते. हा ॲक्सल पोकळ, गोल आणि आरशासारखा घासलेला असे. गाडीच्या तोंडावरची ही सर्वांत देखणी वस्तू. संचातल्या ॲक्सलवर साच्याची रेघ उभी आडवी धावते. ती कटरच्या पाठीने खरवडून, ६००, १००० आणि २००० चा पेपर पाण्यासह लावून पुरती घालवावी. खिडकी बुजलेली असेल तर ०.५ मिमीच्या भोकांनी कोरून सुईकानशीने चौकोनी करावी.

धातूंच्या छटांवर थोडे सविस्तर लिहायला हवे. संचातला चकचकीत क्रोमचा मुलामा आहे तसा ठेवणे हा या गाडीवर अन्याय आहे. ॲक्सल घासलेल्या पोलादाचा, म्हणून सर्वांत तेजस्वी. रेडिएटरची घोड्याच्या नालासारखी चौकट निकेलच्या जातीची, म्हणून किंचित पिवळसर. चांदी रंगात पारदर्शक पिवळ्याचा एखादाच थेंब पुरतो. आठ चपट्या आऱ्यांची चाके ओतीव ॲल्युमिनियमची, ब्रेकच्या ड्रमसह एकाच ओतकामातली, म्हणून मंद, राखाडीकडे झुकणारी. तिन्हींना एकच चांदी रंग दिला तर गाडी खेळण्यातली वाटते. क्रोम काढायला कपड्यांचे पांढरे ब्लीच वापरावे, भाग त्यात बुडवून ठेवले की मुलामा काही मिनिटांत ते तासाभरात सुटतो. हातमोजे घालावेत. ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

डॅशबोर्डवर गोल गोल घासकामाची नक्षी असते, एकमेकांवर चढलेल्या खवल्यांसारखी. ती रंगवून जमत नाही. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिमीचा असतो, तो कात्रीने कापून सपाट करावा. टूथपिकचे टोक सपाट कापून, साधारण ०.८ मिमीचे करून हातड्रिलमध्ये धरावे, टोकाला रबिंग कंपाउंड लावून पत्र्यावर टेकवून चार-पाच वेढे द्यावेत. पुढचा ठसा आधीच्या अर्ध्यावर. एक ओळ झाली की पुढची ओळ पहिलीवर अर्धी चढवावी. खाली स्टीलची पट्टी मार्गदर्शक म्हणून ठेवली नाही तर तिसऱ्या ओळीपासून नक्षी वाकडी जाते. टूथपिक दर वीस ठशांनी झिजते, ती बदलावी. पंधरा बाय तीस मिमीच्या तुकड्याला दोन संध्याकाळी लागतात. याच पत्र्याचे बॉनेटही करता येते. संचातले प्लास्टिकचे बॉनेट सव्वा-दीड मिमी जाड असते, म्हणजे खऱ्या गाडीवर तीन-साडेतीन सेंटिमीटरचा पत्रा झाला! बॉनेट उघडे दाखवायचे असेल तर निदान दिसणाऱ्या कडा आतून खरवडून पातळ कराव्यात.

बॉनेटवरून जाणारे आणि डाव्या अंगाचे जादा चाक बांधणारे चामडी पट्टे खऱ्या चामड्याचे करू नयेत, कितीही तासले तरी चामडे जाडच राहते. मास्किंग टेपची एक मिमीची पट्टी कापून, तपकिरी रंगवून, कडांना गडद छटा दिली की चामडे वाटते. बकलासाठी ४० गेजच्या तारेचा चौकोन पुरतो. हातब्रेकचा दांडा उजव्या अंगाला, बॉडीच्या बाहेर असतो. तो विसरून आत लावलेला पुष्कळदा दिसतो.

आता रंग. लेखातल्या विधानाला आमचा खरा विरोध इथे आहे. एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनमधून निघालेला थेंब बॉडीवर ओला पोचला पाहिजे आणि तिथे शेजारच्या थेंबात मिसळून सपाट झाला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. थिनर वाटेतच उडतो, थेंब अर्धवट सुकून भुकटी होऊन बसतो आणि निळी बॉडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत होते. त्यावर उपाय म्हणून माणूस जवळून, जास्त रंग मारतो. मग खरखरीवरून ओघळ येतो आणि बॉनेटवरच्या हवेच्या खाचा बुजतात. या गाडीची बॉनेट खाचांनी भरलेली आहे. एकदा रंगाने बुजल्या की त्या पुन्हा कोरता येत नाहीत, सगळा रंग उतरवावा लागतो. कुलरसमोर बसून रंगवणे आणखी वाईट. कुलर ओलावा आणि धूळ दोन्ही देतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर ओलावा धरतो आणि रंगावर पांढरट धुके येते. सप्टेंबरच्या पावसातही लॅकर रंगांचे हेच होते.

दिवाळी उलटली की नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत, आणि पुढे फेब्रुवारीअखेर, हा सोलापुरातला रंगाचा हंगाम. सकाळी आठ ते अकरा ही वेळ चांगली. उन्हाळ्यात रंगवण्यावाचून गत्यंतरच नसेल तर पहाटे सहाच्या आत सुरुवात करून सूर्य वर येण्याआधी थांबावे, थिनर सावकाश उडावा म्हणून त्यात दहा टक्क्यांपर्यंत रिटार्डर घालावा आणि प्रायमरवरच समाधान मानावे. प्रायमर खरखरीत झाला तर घासता येतो.

यंत्रमागांच्या भागात राहणाऱ्यांनी तुसाकडे लक्ष द्यावे. कापसाचे उडते तूस डोळ्यांना दिसत नाही, पण ओल्या निळ्या रंगात केसासारखे उठून दिसते. रंगवण्याआधी अर्धा तास पंखा बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, अंगावर लोकरीचे किंवा टॉवेलसारखे लव सुटणारे कापड नाही. रंगवून झाले की बॉडीवर लगेच पारदर्शक प्लास्टिकचा डबा पालथा घालावा, खालून काडीएवढी फट ठेवून. तूस पडलेच तर ओल्यात चिमटा घालू नये. दोन दिवस वाळू द्यावे आणि २००० च्या पेपरने पाण्यासह काढावे.

मोटारीच्या रंगाच्या दुकानात मिळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग छटेला छान असतो आणि हवी ती निळी तिथे जुळवूनही मिळते, पण एनसी थिनर पॉलिस्टायरीन प्लास्टिक खातो. उघड्या प्लास्टिकवर तो ओला पडला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटतात. आधी प्रायमरचे दोन पूर्ण हात, एक दिवस विश्रांती, आणि मग रंगाचे पहिले दोन हात धुक्यासारखे कोरडे. प्रयोग आधी स्प्रूवर करावा. ०.३ मिमीचे नॉझल, १५ ते २० पीएसआय दाब, आठ-दहा सेंटिमीटर अंतर. रंग दुधाइतका पातळ, म्हणजे साधारण एक भाग रंगाला दीड ते दोन भाग थिनर. या आकाराच्या बॉडीला सगळे मिळून पाच मिलि रंग पुरतो. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे, शेवटचा हात तेवढा ओला. मग दोन दिवस बोट लावू नये. खोली हवेशीर, तोंडावर वाफेचा मास्क, आणि जवळ गॅस, समई किंवा उदबत्ती काहीही पेटते नको. थिनरची वाफ पेट घेते.

फ्रेंच निळा म्हणजे कोणता, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्या काळी फ्रान्सच्या गाड्या निळ्या, इटलीच्या लाल, ब्रिटनच्या हिरव्या, जर्मनीच्या पांढऱ्या, असा देशांचा संकेत होता. छटेचे एकच प्रमाण नव्हते आणि बुगाटीही फिकट आकाशी ते गडद अशा अनेक निळ्यांत दिसतात. एवढेच पाहावे, की मॉडेल लहान असल्याने तीच छटा डोळ्याला गडद दिसते. पाच ते दहा टक्के पांढरा मिसळला की ती बरोबर वाटते. वर आरशासारखा जाड क्लिअर कोट देऊ नये. शंभर वर्षांपूर्वीच्या रेसिंग गाडीवर तसली काच नव्हती.

क्रमांकाचे डेकल चकचकीत पृष्ठभागावरच लावावेत. निस्तेज रंगावर लावले तर खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतो. कोमट डिस्टिल्ड पाण्यात वीस-तीस सेकंद, मग कागदावरून सरकवून जागेवर. जड पाणी वापरले तर डेकलखाली क्षार सुकून पांढरी कड उमटते आणि तिला नंतर काहीही करता येत नाही.

धूळ आणि तेलाचे डाग दाखवणे हौसेचा भाग आहे, पण दाखवायचे तर त्या रस्त्याचे दाखवावेत. टार्गा फ्लोरिओची धूळ फिकट, चुनखडीच्या वाटेची. आपल्या काळ्या रानातली माती चाळून लावली तर गाडी मोहोळहून आल्यासारखी दिसेल. पांढऱ्या आणि फिक्या पिवळ्या खडूची वस्त्रगाळ पूड मऊ ब्रशने चाकांच्या आतल्या बाजूला आणि शेपटाखाली लावावी. त्या काळी रेसच्या इंजिनांत एरंडेलाचे वंगण सर्रास वापरत, ते जळून चिकट, पिवळट-तपकिरी होते आणि त्यावर धूळ धरते. म्हणून डाग काळे न करता बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून द्यावेत, तेही इंजिनाच्या खालच्या कडेलाच.

राहिले टायर. संचातले मऊ व्हिनाइल टायर आपल्या उष्णतेत तेल सोडतात आणि ते तेल प्लास्टिकच्या रिमला हळूहळू विरघळवते. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर चाक टायरसकट चिकटून वितळलेले आढळते. रिमच्या बसकणीवर प्रायमर आणि त्यावर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा एक वेढा द्यावा. टायरवरची साच्याची रेघ ३२० च्या पेपरने घालवावी, त्याने रबराची नवी-कोरी चमकही जाते. तयार गाडी पश्चिमेच्या खिडकीत किंवा पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नये. काचेच्या पेटीत, चौकटीखाली दोन छोटे ठोकळे देऊन, टायर जमिनीपासून केसभर वर राहतील अशी ठेवावी.

सगळे मिळून हे काम चाळीस ते साठ तासांचे आहे. सुट्टीतल्या मुलाने मे महिन्यात इंजिन, तारा, स्प्रिंग, डॅशबोर्ड आणि पट्टे पुरे करावेत, सुटे भाग झाकणाच्या डब्यांत नावे घालून ठेवावेत आणि बॉडी प्रायमरवर थांबवावी. आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा काही छापणार असाल तर जोडणीचा भाग एप्रिलच्या सुरुवातीला आणि रंगाचा भाग दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी छापावा, ही विनंती. तारांचे गेज आणि सुताचे काउंट यांचा वर दिलेला हिशेब तेवढा चौकटीत घेतलात तर वाइंडिंगच्या आणि सुताच्या दुकानात मुलांना नेमके काय मागायचे ते कळेल.

आपले,
जुन्या रेसिंग गाड्यांची मॉडेल बांधणारे काही वाचक,
सोलापूर